आराखडा सातवा झाला, तरी वहिनी ‘नाही’च म्हणतात

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ५९. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली आणि गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. दिवाळीनंतर एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून वापरलेली टेंपो ट्रॅव्हलर विकत घेतली. तिची कॅम्पर व्हॅन करायची आणि पत्नीबरोबर देश फिरायचा, असा बेत आहे. आतापर्यंत सात आराखडे काढून झाले. सहा जणांची झोपायची सोय, ग्रॅनाइटचा ओटा, इंडक्शन, फ्रिज, एक टनाचा एसी, टीव्ही, छताला लागून कपाटं असं सगळं त्यांत आहे. पुण्यातल्या एका वर्कशॉपने साडेबारा लाख सांगितले. घरचा सुतार म्हणतो, साडेचारात करून देतो. पत्नीचं एकच म्हणणं आहे: गाडीत संडास नसेल तर मी येणार नाही. यांचं म्हणणं, जागोजागी पेट्रोल पंप आहेत, आणि संडास घातला की दोन जणांची झोपायची जागा जाते. ते विचारतात, “काम वर्कशॉपला द्यावं की सुताराला? आणि हिला कसं समजवावं?”

नमस्कार,

पत्रासोबत तुम्ही सातही आराखड्यांचे फोटो पाठवलेत. इतक्या स्वच्छ रेषा आणि इतकी नेटकी मापं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले. ओटा कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पलंग आडवा होता, तो उभा झाला, परत आडवा झाला. सातही कागदांवर कायम राहिलं ते एवढंच, की संडास कुठेच नाही. वहिनींनी एकच अट घातली आणि ती सात वेळा बाजूला राहिली. त्यामुळे वहिनींना काय समजवायचं ते मला सुचत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलेलं आहे, आणि तुम्हालाही पटावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

रात्रीचे दोन वाजलेत असं धरा. गाडी महामार्गालगत एका ढाब्याच्या मागे लावली आहे. तुम्हाला जायचं झालं तर चप्पल पायात सरकवली, दार उघडलं, चार पावलं अंधारात गेलात की काम झालं. वहिनींना आधी दिवा असलेली जागा शोधायची, ती उघडी आहे का बघायचं, आत पाणी आहे का, दाराला कडी आहे का बघायचं. एकटीने जायचं नाही म्हणून तुम्हाला उठवायचं. त्यातून त्यांचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी बाई काय करते ते कुठल्याही बाईला विचारा. संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायचंच बंद करते. आमच्याही कॅम्पर व्हॅनमध्ये संडास नव्हता तेव्हा पहिली दोन वर्षं मी हेच केलं. शेवटी मूत्रमार्गाच्या संसर्गाने ताप भरला आणि चिपळूणला दवाखाना गाठावा लागला. परत आल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते पोर्टेबल टॉयलेट आणायचं.

त्यासाठी तुम्ही समजताय तशी वेगळी खोली लागत नाही. साधारण ४० बाय ४५ सेंटीमीटरचा, गुडघ्याएवढा खोका असतो. वरच्या भागात फ्लशचं पाणी, खालची मैल्याची टाकी २० लिटरच्या आसपास. बाकाखाली रुळावर ठेवायचा, लागेल तेव्हा बाहेर ओढायचा, भोवती जाड पडदा. दोघांना दोन-तीन दिवस पुरतो. टाकी सुटी होते आणि हँडलला धरून नेता येते. ती घरच्या किंवा मुक्कामाच्या संडासातच रिकामी करायची, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर कधीच नाही. गुडघे दुखणाऱ्यांना त्याची उंची कमी पडते, म्हणून खाली एक पक्की चौकट करून घ्या आणि बसल्यावर हाताला येईल अशी कडी भिंतीला लावा. ही जागा आराखड्यात सगळ्यात आधी आखायची, बाकीचं तिच्याभोवती बसवायचं.

आता सहा जणांच्या झोपण्याकडे येऊ. मुलगा, सून आणि नातवंडं वर्षातून दोनदा येतात, दिवाळीत आणि मे महिन्यात. म्हणजे वर्षातले फार तर वीस दिवस. उरलेल्या दिवसांत गाडीत तुम्ही दोघंच असणार, आणि त्या वीस दिवसांपायी दोघं अडचणीत राहणार. नातवंडं आली की एक तंबू सोबत घ्या किंवा त्यांच्यासाठी खोली बुक करा. नातवंडांना तंबूच जास्त आवडेल. झोपायची जागा दोघांची, पण ऐसपैस ठेवा.

पलंग आडवा ठेवायचा हट्ट सोडा, निदान मापं पुन्हा घेईपर्यंत तरी. तुमची उंची पाच फूट दहा इंच, म्हणजे १७८ सेंटीमीटर. तुम्ही रुंदी घेतली आहे ती उघड्या पत्र्यापासून पत्र्यापर्यंत. दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटरचं इन्सुलेशन, म्हणजे ऊन-थंडी अडवणारा थर, आणि त्यावर ६ मिलिमीटरचं प्लाय लागलं की सहा सेंटीमीटर तिथेच गेले. शिवाय गाडीच्या भिंती वर जाताना आत झुकतात, म्हणून माप खाली जमिनीशी न घेता गादीच्या उंचीवर घ्यायचं. रात्रभर पाय दुमडून झोपलेला माणूस सकाळी घाट चढवणार असेल तर त्याच्या झोपेला मी ओट्याहून जास्त जागा देईन.

ओट्याबद्दल वहिनींशी बोललात का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्यांनी तीस वर्षं मोठ्या घराचा स्वयंपाक केला, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तुम्ही निवृत्त झालात. त्यांनाही थोडं निवृत्त व्हायचं असेल, आणि आराखड्यातला तो नेटका ओटा बघून त्यांना आपलंच स्वयंपाकघर लहान होऊन मागे येतंय असं वाटत असेल. त्यांना प्रवासात रोज साग्रसंगीत स्वयंपाक करायचा आहे, की सकाळचा चहा-पोहे आणि रात्रीची खिचडी एवढंच पुरे आहे, हे आधी विचारा. दुसरं उत्तर आलं तर एक बर्नर, एक कुकर, एक पातेलं आणि एक कढई एवढ्यावर भागतं. ग्रॅनाइटची गरजच उरत नाही.

यासाठी एक काम सुचवते. त्याला पैसे लागत नाहीत. गच्चीवर खडूने गाडीचं आतलं माप आखा. चाकांचे उंचवटे, दार, ड्रायव्हरच्या मागची जागा, सगळं आखा. ओट्याच्या जागी टेबल, पलंगाच्या जागी गाद्या, टॉयलेटच्या जागी उलटी बादली ठेवा. मग दोघांनी एक संध्याकाळ त्या रेषांच्या आतच घालवा. चहा करा, जेवा, अंथरूण घाला, रात्री उठून बादलीपर्यंत जा. एक जण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला मागून जाता येतं का बघा. मोकळी वाट ५० सेंटीमीटरपेक्षा कमी पडली तर दिवसातून वीस वेळा “जरा सरक” म्हणावं लागतं. आठव्या आराखड्याची पेन्सिल मात्र वहिनींच्या हातात द्या. मापात बसवायचं काम तुमचं.

मला खरी काळजी वजनाची वाटते. तुमच्या सामानाच्या यादीत १८ मिलिमीटरची प्लायची चौदा शीट आहेत. आठ बाय चारचं असं एक शीट साधारण ३५ किलो भरतं. चौदांचे झाले ४९० किलो, म्हणजे सात माणसांचा भार. काढलेल्या सीटांचं वजन त्यातून वजा होईल हे खरं, पण त्या जमिनीलगत होत्या आणि तुमची कपाटं छताजवळ आहेत. आंबा घाटाच्या वळणावर वरचं वजन गाडीला कसं बाहेर ओढतं ते स्टिअरिंगवर जाणवतं. सुतार १८ मिलिमीटर सांगतो, कारण घरातल्या कपाटाला तेच वापरतात. गाडीत अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा सांगाडा, भार येतो तिथे १२ मिलिमीटर आणि नुसतं झाकायचं तिथे ६ मिलिमीटर पुरतं. सहा मिलिमीटरचं शीट जेमतेम १२ किलोचं. प्लाय आयएस ७१० म्हणजे मरीन दर्जाचं घ्या, कडा उघड्या ठेवू नका. जड वस्तू, म्हणजे बॅटरी, पाणी आणि डबे, खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे. सगळी कपाटं एका बाजूला आणि समोर नुसता पलंग असं केलंत तर गाडी एकीकडे कलते. कामाला हात लावण्याआधी रिकामी गाडी वजनकाट्यावर घालून पावती घ्या, अर्धं काम झालं की परत घाला, शेवटी पाणी भरून परत. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत निदान दीड-दोनशे किलो शिल्लक हवेत, कारण माणसं, कपडे आणि परतीच्या वाटेवर घेतलेले आंबे त्यातच बसायचेत.

पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो. दोनशे लिटरची टाकी नको. बादली-तांब्याने मागचं दार उघडून, पडद्याआड अंघोळ केली तर माणशी सात लिटरमध्ये होते. पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धरून दोघांना दिवसाला तीसेक लिटर. वीस लिटरचे तीन कॅन ठेवा. गाडीखाली बसवलेल्या टाकीपेक्षा ते बरे, कारण विहिरीवर, नळावर, देवळाच्या धर्मशाळेत कुठेही उचलून नेता येतात आणि आतून घासता येतात.

विजेच्या बाबतीत यादी बघून मला थांबवावंसं वाटलं. १२ व्होल्टची, १०० अँपियर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे जवळपास १,२८० वॅट-तास. त्यातले हजारेक खरे वापरायचे. एक पंखा रात्रभर २४० घेतो. दिवे, मोबाइल आणि पंप मिळून अडीचशे. १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर फ्रिज दिवसाला पाचशेच्या आसपास. बॅटरी इथेच संपली. इंडक्शन पूर्ण आचेवर लावलं तर बॅटरीतून पावणेदोनशे अँपियर ओढतं, आणि अर्ध्या तासाच्या स्वयंपाकात निम्म्याहून जास्त साठा जातो. एसी रात्रभर चालवायचा तर अशा चार-पाच बॅटऱ्या लागतील. म्हणून एसी आणि इंडक्शन बाहेरची वीज मिळेल तिथेच, असं ठरवून टाका. छतावर दोनशे वॅटची दोन सोलर पॅनल उन्हाळ्यात दिवसाची गरज भागवतात, पण जुलैत त्यांच्यावर विसंबू नका. तेव्हा गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर कामाला येतो.

वायरिंग घरच्या वायरमनकडून करून घेणार असाल तर त्याला एक गणित दाखवा. घरात पॉवर पॉइंटला तो अडीच चौरस मिलिमीटरची वायर घालतो आणि २३० व्होल्टला ती ठीक असते. गाडीत १२ व्होल्टवर पाच मीटर लांब २० अँपियर नेले तर जाऊन-येऊन दहा मीटर वायरीत १.४ व्होल्ट गळतात. म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त, आणि ते सगळं वायर गरम करण्यात जातं. तिथे १० चौरस मिलिमीटरचीच वायर हवी. बॅटरीपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, आणि पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, म्हणजे कडेला बसणारी रबरी रिंग. गाडीच्या थरथरीने वायरीचं आवरण पत्र्यावर घासतं, आणि आगीची सुरुवात अशाच एखाद्या भोकापासून होते. बाहेरची वीज घ्यायची असेल तर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, लावल्याशिवाय घेऊ नका.

घरचा लाल सिलिंडर गाडीत नेऊ नका. गॅसवरच करायचं असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर, बाहेरून उघडणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, त्याला खालूनच वाट हवी. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. शेगडी शक्य तितकी दार उघडं ठेवून किंवा गाडीबाहेर पेटवा.

आता एक गोष्ट आमच्या पहिल्या पावसाळ्यातली. हरिहरेश्वरला गाडी लावली होती. बाहेर धो धो पाऊस, म्हणून सगळ्या काचा घट्ट बंद करून झोपलो. पहाटे चारला गालावर थेंब पडला. मग कपाळावर. टॉर्च लावला तर छताच्या लोखंडी पट्टीवर ओळीने थेंब लटकलेले, दिवाळीच्या माळेसारखे. छत गळतंय म्हणून सकाळी वर चढून प्रत्येक सांध्याला सीलंट भरलं. दुसऱ्या रात्री तेच. ते पावसाचं पाणी नव्हतंच. दोन माणसांच्या श्वासातली आणि संध्याकाळी उकळलेल्या भाताची वाफ थंड पत्र्यावर जमत होती. महिन्याभरात गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी आली. म्हणून सांगते, पत्र्याला नायट्रिल रबर किंवा एक्सएलपीई फोमसारखं पाणी न पिणारं इन्सुलेशन चिकटवा, छताच्या पट्ट्यांनाही, मधे पोकळी न ठेवता. थर्माकोल आणि कापूस नको. छताला बाहेर हवा फेकणारा एक पंखा आणि खाली जमिनीजवळ हवा आत यायला एक झरोका ठेवा, दोन्ही पावसातही उघडे राहतील असे. गादीखाली अखंड प्लाय न टाकता पट्ट्या टाका, म्हणजे तिला खालून हवा लागते. एसीवर जेवढा विचार केलात तेवढा या पंख्यावर करा.

कागदपत्रांचं मात्र आधी. गाडी ट्रॅव्हल्सची, म्हणजे पिवळ्या पाटीची, व्यवसायासाठी नोंदवलेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसीचा मेळ राहणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. सीट काढल्या की आसनसंख्या बदलते, छत कापलं की बॉडी बदलते. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. तेव्हा एकही बोल्ट सोडवण्याआधी आरटीओत जाऊन गाडी खासगी कॅम्पर व्हॅन म्हणून नोंदवायला काय लागेल ते लेखी विचारा. विमा कंपनीलाही कळवा, कारण न कळवलेल्या बदलावरून दावा अडू शकतो. चालत्या गाडीत कुणीही पलंगावर झोपायचं नाही, बसणाऱ्या प्रत्येकाला सीटबेल्ट हवा.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. वर्कशॉपच्या साडेबारा लाखांत मान्यता आणि नोंदणी येते का? येत असेल तर त्या पैशाला अर्थ आहे, पण त्यांच्या डिझाइनला मान्यता असल्याचा कागद डोळ्यांनी बघा आणि त्यांनी केलेल्या जुन्या गाडीच्या मालकाशी बोला. ती गाडी पाऊस खाल्लेली असावी. येत नसेल, तर तुम्ही फक्त चकाचक सनमायक्याचे पैसे देताय. तुमचा सुतार चांगला असेल, पण त्याचा हात काटकोनाला सरावलेला आहे आणि गाडीत एकही काटकोन नाही. त्याला आधी पुठ्ठ्याचे साचे कापून दाखवावे लागतील, खिळ्यांऐवजी स्क्रू आणि थरथरीने सैल न होणारे नायलॉक नट वापरायला लावावे लागतील, वळणावर आपोआप न उघडणारे लॉक द्यावे लागतील. समोर बसून हे सगळं करून घ्यायची चिकाटी तुमच्यात आहे, आराखडेच सांगतात. मी तुमच्या जागी असते तर आरटीओचं उत्तर, इन्सुलेशन, छताचा पंखा आणि वायरिंग यांवर पैसे खर्च केले असते, ती कामं जाणकाराकडून करून घेतली असती, आणि लाकूडकाम सुताराला टप्प्याटप्प्याने दिलं असतं. पलंग आणि टॉयलेट पहिल्या टप्प्यात. कपाटं दोन-तीन सहली झाल्यावर, कारण काय कुठे ठेवावंसं वाटतं ते तेव्हाच कळतं.

पण त्याही आधी भाड्याने एक कॅराव्हॅन घेऊन तीन रात्री फिरून या. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून इकडे हा प्रकार ओळखीचा होतोय. गणपतीपुळे किंवा तारकर्लीला एमटीडीसीच्या निवासात आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: रात्री गाडी आवारात लावता येईल का, पंधरा अँपियरचा प्लग मिळेल का, संडास-बाथरूम रात्रभर उघडं असतं का. वहिनींना जी गोष्ट आवडेल आणि जी खुपेल ती एका वहीत रोज लिहून काढा. तीन रात्रींचं भाडं हे साडेबारा लाखांपुढे काहीच नाही.

पाऊस तोंडावर आलाय. आता आत काहीही चिकटवू नका. ओल्या पत्र्यावर इन्सुलेशन लागलं की ओल आतच अडकते आणि गंज दिसतो तो दोन वर्षांनी. जून ते सप्टेंबर गाडी अंगणात तशीच उभी करा, प्रत्येक मोठ्या पावसानंतर आत जाऊन काचांच्या रबराखाली, मागच्या दाराच्या कडेला आणि छताच्या सांध्यांना हात फिरवा, ओलं लागेल तिथे खडूने फुली मारा. फुल्या बुजवायच्या, मग दसऱ्यानंतर काम सुरू करायचं. तोपर्यंत आरटीओचं उत्तरही हातात आलेलं असेल. वजनकाट्याची पहिली पावती आणि वहिनींनी काढलेला आठवा आराखडा मला जरूर पाठवा.